दुरुस्तीला आलेला तंबोरा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुकानाच्या उंबऱ्याशीच काम सुरू होतं. माळ्यावर आणि भिंतीलगत वाळलेल्या भोपळ्यांची रास, कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या लाकडी दांड्या, जमिनीवर मांडी ठोकून बसलेला कारागीर आणि त्याच्या पुढ्यात पटाशी, कानस, सरसाचं भांडं, तारांची वेटोळी. पॉलिशचा वास रस्त्यापर्यंत येतो. पुढे दुकान, मागे कारखाना, वर नाहीतर शेजारी घर, असा इथला साधारण नकाशा. पाटीवर आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव असतं आणि त्या नावापुढे बहुतेक वेळा एकच आडनाव असतं, सतारमेकर.

विक्रीला ठेवलेली नवी वाद्यं दुकानात असतातच. पण आत येणाऱ्या वाद्यांपैकी पुष्कळशी इथूनच कधीतरी बाहेर गेलेली असतात. कुणाच्या तंबोऱ्याचा भोपळा प्रवासात तडकलेला, कुणाची खुंटी घट्ट बसून फिरेनाशी झालेली, कुणाची जवारी, म्हणजे तारेच्या सुराची झळाळी, गेलेली. या गल्लीविषयी लिहिताना नामवंत गिऱ्हाइकांची आणि परदेशी मागणीची चर्चा फार होते. ती खोटी नाही. पण ही दुकानं जन्माला आली ती दुरुस्तीतून, आणि दीडशेहून अधिक वर्षं टिकली तीही मुख्यतः दुरुस्तीच्या जोरावर. मिरजेच्या या घराण्यांनी वाद्यं विकली आणि ती आयुष्यभर सांभाळण्याची जबाबदारीही घेतली.

मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. किल्ला होता, फौज होती, तोवर तलवारी-भाल्यांना धार लावणारे आणि शस्त्रं घासूनपुसून लखलखीत ठेवणारे शिकलगार इथे सुखाने पोट भरत होते. १८१८ साली पेशवाई गेली. संस्थान राहिलं, पण लढाया संपल्या. शस्त्रं दिवाणखान्यात शोभेला टांगली गेली आणि त्यांच्या धारेवर ज्यांची रोजीरोटी होती त्यांचा धंदा बसत चालला.

दरबारात गाण्याबजावण्याला मात्र कदर होती. उत्तरेकडून येणारे गवई आणि वाजवणारे आपापली वाद्यं बरोबर घेऊन येत. वाद्य मोडलं की पंचाईत व्हायची. रेल्वे नव्हती. बनवणाऱ्याकडे ते परत पाठवायचं म्हणजे महिनोन्‌महिने खोळंबा, शिवाय वाटेत आणखी मोडण्याची धास्ती. अशा वेळी गावातल्या कुशल हाताकडे ते काम येणं ओघानंच आलं. गल्लीतल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं, की शिकलगार फरीदसाहेबांकडे एक बिघडलेलं वाद्य दुरुस्तीला आलं. त्यांनी ते नीट करून दिलं. मग जोड कुठे आहेत, लाकूड कोणतं आहे, भोपळ्याची जाडी किती आहे हे पाहत, मोजत, चुका सुधारत ते स्वतःच वाद्य घडवायला लागले. हा काळ साधारण १८५० च्या आसपासचा धरतात. पुढे भाऊबंद आणि नातेवाईक याच कामात आले, आणि शिकलगारांची काही घरं सतारमेकर झाली.

शस्त्राला धार लावणारा माणूस वाद्याकडे वळला यात वरवर पाहता योगायोग दिसतो. पण शिकलगाराच्या हातात नेमकं काय असतं? पोलादाची जाण असते. पृष्ठभागावर बोट फिरवून कुठे केसभर उंचवटा राहिला आहे ते ओळखण्याची सवय असते. थोडं घासायचं, थांबायचं, पाहायचं, पुन्हा थोडं घासायचं, हा संयम असतो. सतार-तंबोऱ्याचं सगळ्यात अवघड काम म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा घासून तिच्यावर जवारी आणणं, आणि त्या कामाला हीच नजर आणि हाच हात लागतो. सुतारकाम बाहेरून शिकता आलं असेल, भोपळ्याचं तंत्र अनुभवाने कळलं असेल, पण कानशीवरचा हा ताबा फरीदसाहेबांच्या घरात आधीपासून होता.

दुकान चालायला कारागिराबरोबर जाणकार गिऱ्हाईकही लागतं. त्या बाबतीत मिरजेचं नशीब थोर. ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहून शिकवत होते. फटाक्यांच्या अपघातात डोळ्यांना इजा झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारासाठी मिरजेला आला आणि बुवांकडे गाणं शिकू लागला. तो विष्णू दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये त्याने मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजदरबारातून आणि घराण्यांच्या बंदिस्त चौकटीतून गाणं शाळेच्या वर्गात आलं, तसं तंबोऱ्याचं गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी एखादा उस्ताद आणि त्याचा आश्रयदाता वाद्य घेई. आता गाणं शिकणाऱ्या मध्यमवर्गीय घरातही तंबोरा हवा झाला.

त्यानंतर आले किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. मिरजेत प्लेगने आजारी पडले असताना ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी श्रद्धेने सांगितली जाणारी गोष्ट आजही गावात ऐकायला मिळते. त्यांचं बिऱ्हाड पुढे मिरजेतच राहिलं. थोर गायिका हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्या, त्यांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेतल्या दौऱ्यावर असताना मद्रासजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर खाँसाहेबांचं निधन झालं, आणि दफन मिरजेला, त्याच दर्ग्याच्या आवारात झालं. तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी उरुसात संगीत सभा होते.

सतारमेकरांच्या दृष्टीने खाँसाहेबांचं महत्त्व वेगळंच होतं. हे गिऱ्हाईक स्वतः हत्यार हातात धरणारं होतं. वाद्याची दुरुस्ती, घोडी घासणं, तारा बदलणं हे सगळं खाँसाहेबांना येत होतं, आणि तंबोरा जुळवण्यात ते तडजोड करत नसत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश सनदी अधिकारी क्लेमंट्स हे तेव्हा बावीस श्रुतींचा हिशेब शास्त्रीय मोजमापांनी मांडू पाहत होते. त्यांच्या प्रयोगांसाठी खाँसाहेब गायले होते. स्वराच्या बारीक फरकावर इतका काथ्याकूट त्या दिवसांत सांगली-मिरजेच्या परिसरात चालला होता. अशा गावात 'चालेल' या दर्जाचा तंबोरा खपणं शक्य नव्हतं. मिरजेच्या वाद्याचा दर्जा घडवण्यात या चोखंदळ गिऱ्हाइकांचा वाटा कारागिरांइतकाच आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि मिरज जंक्शन झालं. पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही दिशांच्या गाड्या इथे येऊ लागल्या. नाटक कंपन्या, गवई आणि वाद्यं यांचा प्रवास सोपा झाला. १९२७ मध्ये पंढरपूरहून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाइन मिरजेपर्यंत पोचली, आणि भोपळ्याचा मुलूख मिरजेला रुळांनी जोडला गेला.

वाद्याची सुरुवात या भोपळ्याच्या मुलखातच होते. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमाकाठच्या पट्ट्यात कडू भोपळ्याची ही जात पिकते. हा खायचा भोपळा नव्हे. कवच जाड, चव कडू आणि आकार एवढा मोठा की एक भोपळा उचलायला दोन्ही हात पुरे पडत नाहीत. फळ वेलावर धरलं की ते कसं टेकलं आहे याकडे शेतकऱ्याला लक्ष द्यावं लागतं, कारण आडवं-तिडवं वाढलेलं फळ तंबोऱ्याला चालत नाही. पक्कं झालेलं फळ चांगलं कडकडीत वाळवतात. सतारमेकर शेतावर जातात, घेर इंचात मोजतात, बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकतात आणि त्यातले मोजके निवडतात. पाच फुटी पुरुषी तंबोऱ्याला लागतील असे मोठ्या घेराचे, दोन्ही अंगांनी सारखे भोपळे शेकड्यात थोडेच निघतात.

दुकानात आणल्यावरही लगेच हात लावत नाहीत. नीट मुरलेला भोपळाच कामाला घेतात. मग तो पाण्यात भिजवून नरम करायचा, वरचा भाग कापून काढायचा, आतला गर आणि बिया खरवडायच्या, तोंडाला काठ्यांचा ताण देऊन गोलाई पक्की करायची आणि पुन्हा वाळवायचा. दांडीला तूण या झाडाचं लाकूड वापरतात. ते हलकं असतं, हवामानाने फारसं वाकत नाही आणि त्याला नाद असतो. दांडी आतून पोकळ कोरतात. भोपळा आणि दांडी यांना जोडणाऱ्या मानेच्या तुकड्याला गुलू म्हणतात. भोपळ्याच्या उघड्या तोंडावर पातळ लाकडाची तबली बसते. ती जाड राहिली तर वाद्य मुकं होतं, पातळ झाली तर तारांच्या ओढीने खचते. सांधे सरसाने जोडतात. नंतर खुंट्या, मणी, मेरू. सतार असेल तर पडदे आणि तरफांच्या तारा. शेवटी लाखेच्या पॉलिशचे हात, एकावर एक.

मिरजेचा तंबोरा ओळखायचा तो त्याच्या भोपळ्यावर आणि गुलूवर चढलेल्या कोरीव पानांवरून. ही पानं लाकडाची असतात आणि दिसायला सुंदर असतात, पण त्यांचं खरं काम सांधा झाकणं आणि पकडून ठेवणं हे आहे. दांडीच्या कडेने पूर्वी हस्तिदंताची नक्षी जडवत, घोडीला सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्यांनी दोन्हींवर बंदी आल्यावर कारागिरांनी सेल्युलॉइड, हाडं, शिसवी आणि कृत्रिम पदार्थ अशा वाटा शोधल्या. घोडीचा पदार्थ बदलला की आवाजाची जात बदलते, त्यामुळे ही तडजोड सोपी नव्हती. जुन्या शिंगाच्या घोडीचा तंबोरा दुरुस्तीला आला की ती घोडी शक्यतो वाचवायचा प्रयत्न कारागीर करतात, याचं कारण हेच.

आता जवारी. घोडी ही तारांखालची पट्टी. सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनसारखी धारदार नसते. तिचा माथा रुंद आणि अगदी किंचित, डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढा, उताराचा असतो. छेडलेली तार त्या माथ्याला पुन्हा पुन्हा हलकेच घासून जाते आणि त्या स्पर्शातून एकाच तारेतून वरच्या स्वरांचं मोहोळ उठतं. तंबोऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात. तो मागेपुढे करताना एका ठिकाणी आवाज एकदम खुलतो. जवारी चांगली असेल तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

या करामतीने चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही चक्रावून टाकलं होतं. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, १९२१ मध्ये, त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूशी ज्यांचा कंप शून्य असतो असे उपस्वर उमटायलाच नकोत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोरा आणि वीणा तो नियम मोडतात आणि त्याचं मूळ घोडीच्या रुंद माथ्यात आहे, असं रामन यांनी दाखवलं. भौतिकशास्त्राला जे प्रयोगशाळेत तपासावं लागलं ते कारागीर आधीपासून कानशीने साधत होते.

ते साधतात कसं, हे पाहण्यासारखं असतं. तंबोरा आडवा मांडीवर घेतलेला. चारही तारा ढिल्या करून घोडी मोकळी केली जाते. कारागीर ती डोळ्यांच्या रेषेत धरतो, माथ्यावर तारांनी पाडलेल्या बारीक खाचा पाहतो. वर्षानुवर्षं तारा एकाच जागी घासून या खाचा पडतात आणि आवाज बसतो. मग बारीक कानशीचे दोन-तीन हात, नंतर कागदी पॉलिश. घोडी जागेवर, तार चढवली, जुळवली, छेडली. कान लावून ऐकलं. तार अजून झणझणते, म्हणजे उतार कमी पडला. पुन्हा उतरवली. पुन्हा दोन हात. एका बाजूला किंचित जास्त गेलं तर मागे फिरता येत नाही, कारण घासलेलं परत भरता येत नाही. फार तर संपूर्ण माथा नव्याने घ्यावा लागतो. चार तारांच्या चार जाती असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची पितळी खर्जाची. प्रत्येकीखाली माथ्याचा उतार वेगळा हवा. शेवटी दोरा सरकवून आवाज खुलला की कारागीर मान हलवतो आणि मगच वाद्य गवयाच्या हातात देतो.

गवई मग म्हणतो, थोडी गोल हवी. किंवा म्हणतो, जरा खुली करा. खुली जवारी म्हणजे झळाळी जास्त, गोल म्हणजे आवाज भरीव आणि कमी किणकिणता. काळी एकला गाणारा पुरुष आणि काळी चारला गाणारी बाई यांचे तंबोरे आकाराने, तारांच्या जाडीने आणि जवारीनेही वेगळे. म्हणूनच तंबोरा हा तयार कपड्यांसारखा मापांच्या गठ्ठ्यातून उचलायचा माल होऊ शकला नाही. गळा पाहून तो लावावा लागतो, गळा बदलला की पुन्हा लावावा लागतो. दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यातलं नातं टिकतं ते इथे. वडिलांनी लावलेला तंबोरा तीस वर्षांनी मुलाकडे येतो, गाणाऱ्याची मुलगीही तोच घेऊन येते, आणि दुकानाला आपल्या वाद्याची चूक आणि गुण दोन्ही कळतात. कुठला भोपळा टिकला, कुठल्या लाकडाने मान टाकली, कुठला सांधा सुटला, याचा पुरावा स्वतःच्या पायांनी दारात येतो. मोठ्या कारखान्याला हे ज्ञान मिळत नाही, कारण त्याचा माल त्याच्याकडे परत येत नाही.

घरातलं शिक्षणही याच क्रमाने चालतं. मुलगा आधी घासकामाला बसतो, मग पॉलिश, मग पानं कोरणं, मग खुंट्या बसवणं. जवारी सगळ्यात शेवटी. कानस धरता यायला काही महिने लागतात. काय ऐकायचं हे कळायला काही वर्षं जातात. घरात कुणीतरी थोडंफार वाजवतो किंवा गातो, त्याशिवाय कान तयार होत नाही. शेजारच्या दर्ग्यात आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात होणाऱ्या मैफली ही या मुलांची फुकटची शाळा. मुसलमान कारागिराने घडवलेला तंबोरा देवीच्या पुढ्यात वाजतो आणि हिंदू गवई दर्ग्यात हजेरी लावतो, हे मिरजेत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आडनाव सतारमेकर असलं तरी मिरजेची पहिल्या नंबरची कीर्ती तंबोऱ्याची आहे. सतारीच्या दुनियेत कोलकात्याच्या कारागिरांनी गेल्या शतकात वेगळीच उंची गाठली. पंडित रविशंकर यांच्या सतारी नोडू मलिक यांनी बनवल्या, तर उस्ताद विलायत खाँ यांच्या अनेक सतारी हिरेन रॉय यांच्या हातच्या. मिरजेत उत्तम सतारी बनतात, दिलरुबा, सूरबहार, रुद्रवीणाही बनते. पण हिंदुस्थानी गायकाच्या मागे उभे केलेले दोन तंबोरे मिरजेचे असण्याची शक्यता फार मोठी असते. किराणा घराण्याच्या गायकांनी आणि पुढे पंडित भीमसेन जोशींनी तंबोऱ्याच्या भरीव सुराला जी प्रतिष्ठा दिली, तिचा या गल्लीला थेट फायदा झाला.

आणि तरीही ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलजीचं नाव असतं, हार्मोनियमवाल्याचं असतं, तंबोऱ्यावर साथ करणाऱ्या शिष्यांचंही कधीकधी असतं. तंबोरा कुणी लावला त्याचं नाव नसतं. मैफलीत गायक बसल्याबसल्या 'वा' म्हणतात ती दाद ज्या सुराला असते, तो सूर आदल्या दिवशी मिरजेच्या कारागिराने घोडी घासून आणलेला असतो. कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ द्यायला काहीच खर्च येत नाही. संगीत सभांच्या आयोजकांनी ही ओळ छापायला सुरुवात करावी, ही मागणी अवाजवी नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. टिफिनच्या डब्याएवढी पेटी, बटण फिरवलं की सूर. पुढे मोबाइलवरचं ॲप आलं आणि पेटीचीही गरज संपली. विद्यार्थ्यांना ते सोयीचं आहे, लहान घरात पाच फुटी वाद्य कुठे ठेवायचं हा प्रश्न खरा आहे, आणि रियाजाला सूर हाताशी असणं चांगलंच. पण त्यामुळे पहिला तंबोरा घेण्याचं वय पुढे गेलं. पूर्वी गाणं शिकायला लागल्यावर दोन-चार वर्षांत घरात तंबोरा येई. आता गायक मंचावर जाऊ लागला की येतो. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना विकले जाणारे मध्यम किमतीचे तंबोरे हाच दुकानाचा रोजचा आधार होता, तो ढासळला. कारागिरांनी यावर उत्तरं शोधली. विमानाने नेता येतील असे चपटे, पेटीच्या आकाराचे छोटे तंबोरे तयार केले. ते विकले जातात. पण भोपळ्याचा आवाज त्यात पूर्ण येत नाही, हे बनवणारेही सांगतात.

दुसरी अडचण शेतातली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमेच्या खोऱ्यात कालव्याचं पाणी आलं, साखर कारखाने आले. ज्या जमिनीत पूर्वी पावसावरचं पीक निघायचं तिथे ऊस उभा राहिला. कडू भोपळ्याला वाद्यवाल्यांखेरीज दुसरं गिऱ्हाईक नाही. निवडून घेतलेल्या फळांना भाव मिळतो, उरलेली बांधावर पडून राहतात. शेतकऱ्याने उसाचा एकर मोडून असला भोपळा का लावावा, या प्रश्नाला भावनिक उत्तर पुरत नाही. आगाऊ बोली करून, नाकारलेल्या फळांचीही काही किंमत ठरवून हे पीक टिकवावं लागेल. भोपळा संपला तर गल्लीतल्या सगळ्या कसबाचा उपयोग उरणार नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचं नाव लावून दुसरीकडचा माल विकणाऱ्यांना आता कायद्याने अडवता येईल, हा त्याचा रोकडा फायदा. पण मानांकन मालाला असतं, दुरुस्तीला नसतं. नवा तंबोरा कुठला हे त्यातून ठरेल. तो वीस वर्षांनी कोण लावणार, ते घराघरांत ठरायचं आहे. जवारी हमखास लावू शकणारी माणसं नव्या वाद्याचं लाकूडकाम करणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी असतात. शिकलेला मुलगा अभियांत्रिकीला गेला तर त्याला दोष देता येत नाही, पण त्याच्या जागी बसणारा तयार करायला दहा-पंधरा वर्षं जातात. या घराण्यांत काहींनी संगणकावर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे, व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या गिऱ्हाइकाला दोरा कुठे सरकवायचा ते दाखवतात. मोठ्या संगीत महोत्सवांच्या वेळी कारागीर अवजारांची पेटी घेऊन स्वतः जातात आणि मैफलीआधी तंबोरे लावून देतात. दुरुस्तीला असं बाहेर नेणं हा या घराण्यांतल्या पोरांसाठी खराखुरा रोजगार होऊ शकतो. संगीत विद्यालयांनी वर्षातून दोनदा मिरजेहून कारागीर बोलावून आपल्याकडची सगळी वाद्यं लावून घेतली आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरले, तर एकेका शाळेवर एकेक घर उभं राहील. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांत जवारी गेलेले तंबोरे कपाटावर उभे आहेत, आणि मुलं त्यांच्या शेजारी बसून मोबाइलचा सूर लावतात.

ज्याला मिरजेला जाऊन तंबोरा घ्यायचा असेल त्याने आपली पट्टी नक्की करून जावं. महोत्सवांचा हंगाम सुरू होण्याआधी गेलं तर कारागिराला वेळ असतो. तीन-चार तंबोरे समोर लावून घ्यावेत, नुसते ऐकू नयेत, त्यांच्याबरोबर गावं. भोपळा हाताने चाचपून पाहावा, सांध्याजवळ कान लावावा, खुंट्या फिरवून पाहाव्यात. वाद्य घरी आल्यावर हवा बदलते, लाकूड थोडं हलतं, त्यामुळे सहा महिन्यांत एकदा ते पुन्हा गल्लीत न्यावं लागतं. जवारी त्यानंतर खऱ्या अर्थाने बसते. नेताना तारा थोड्या उतरवाव्यात, खोळ मऊ असावी, आणि रेल्वेत तंबोरा वरच्या फळीवर आडवा टाकू नये.